उभ्या रेघा

परिपत्रक आलं तेव्हा मी त्यावर चहाचा कप ठेवला होता.
'किशोर वाचक आणि ग्रंथपाल : तीन दिवसांचं प्रशिक्षण,
फूलबाग, सकाळी दहा.'
सव्वीस वर्षं झाली मला दौलतगंजच्या या वाचनालयात,
दोन वर्षांनी निवृत्ती,
आता मला कोण काय शिकवणार?
अध्यक्ष म्हणाले, "जाऊन या चित्राताई, जेवण आहे."

जानेवारीचं धुकं. बाड्यावरून टेम्पोत
हात मांडीखाली दाबून गेले.
गळ्यात नावाची पाटी अडकवली,
तिच्यावर मोघेचं मेघे झालेलं.
शेजारी कंपूच्या मुलींच्या शाळेतल्या नसरीन आपा.
त्यांचं सगळं ग्रंथालय एका लोखंडी कपाटात
आणि किल्ली मुख्याध्यापिकेच्या पर्समध्ये.
तरी मुली येतात, म्हणाल्या,
कपाटाला टेकून बसतात.

शिकवणारी पोरगी माझ्या भाचीच्या वयाची.
दोन दिवस मी पेनचं टोपणही काढलं नाही.
तिसऱ्या दिवशी, गजक वाटून झाल्यावर, ती म्हणाली,
घरपाठ एवढाच :
आठवडाभर मोजा,
मुलांना तुम्ही दिवसातून किती वेळा 'नाही' म्हणता.
सगळे हसले. मीही.

सोमवारी एक्केचाळीस.

दाखल-नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर
चार उभ्या, एक आडवी.
नाही, ते कपाट मोठ्यांचं.
नाही, एका कार्डावर एकच.
नाही, मोबाइल इथे चार्ज करायचा नाही.
नाही, एका बाकावर दोघं नाही.
नाही, हिंदीत नाही, हे मराठी वाचनालय आहे.
(ज्याला म्हटलं त्याचं आडनाव वाळिंबे,
बोली सगळी लश्करची.)
मंगळवारी अडतीस.
बुधवारी शाळांना धुक्याची सुट्टी पडली,
बावन्न.

गुरुवारी एक रेघ मारायची राहिली.
हीटरपाशी झोपायला येणारा पलाश,
ज्यानं आजवर एकही पुस्तक नेलेलं नाही,
मान वर न करता बोलला,
"मैडम, एक रह गई."

तेव्हापासून वही टेबलावर उघडीच असते.
रेघा तेच मारतात. भांडतात.
'बघते' म्हणजे 'नाही'च का, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली,
शेवटी 'बघते'ला अर्धी रेघ ठरली.
हर्षदानं 'हो'साठी वेगळं पान आखून दिलं,
लाल शाईनं, माझ्या पट्टीनं.
तिला हवं होतं ते पुस्तक मोठ्यांच्या कपाटातलं,
मुलींच्या शरीराबद्दलचं.
कार्डावर चढवून मी ते
सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं.
"राहू द्या," ती म्हणाली,
आणि तसंच उघडं छातीशी धरून
जिना उतरून गेली.
मी कागदाची घडी करत बसले. पुन्हा उलगडली. पुन्हा केली.

फार काही बदललंय असं नाही.
चार्जिंगला अजून नाहीच म्हणते, बोर्ड जुना आहे, ठिणग्या उडतात.
दोन पुस्तकं परत आलेली नाहीत.
अध्यक्ष परवा दारातूनच विचारून गेले, हा गोंगाट कसला?
वाद, मी म्हटलं.
त्यांना ते 'वाचन' ऐकू आलं बहुतेक,
मान डोलावून गेले.

काल नसरीन आपांचा फोन.
किशोर वाचकांसाठी एक समिती होते आहे,
महिन्याला एक बैठक, भाडं ज्याचं त्यानं.
"आप आइए, अकेली क्या करूँगी मैं."
कपाटाची दुसरी किल्ली मिळाली म्हणाल्या,
कशी ते सांगितलं नाही.

अर्ज भरायला घेतला. नाव. पत्ता.
अनुभव : सव्वीस वर्षं.
लिहून झाल्यावर तिथेच थांबले.
खोडलं.
वर लिहिलं, सात आठवडे.

हीटर आता बंद असतो, तरी पलाश तिथेच बसतो.
उठून आला, खांद्यावरून वाचलं.
"छह," तो म्हणाला.
"पहले हफ़्ते तो आप सिर्फ़ गिन रही थीं."